तुमच्या ॲडमिरलची बाजू

अहो, जायच्या आधी तुमच्या ॲडमिरलचं काय करायचं तेवढं तरी सांगून जायचं होतं.

हॉलमधल्या कपाटात, सुपरमार्केटच्या पिशव्यांमध्ये बसलाय तो. तुम्ही लिहीत बसलेलं त्याचं सगळं चरित्र: बालपण एका पिशवीत, पहिलं महायुद्ध दुसरीत, लग्न आणि मुली तिसरीत. दुसऱ्या महायुद्धाला पिशव्या पुरल्या नाहीत म्हणून तुम्ही माझा बिर्याणीचा मोठा डबा पळवला होतात. इम्रान परवा कपाट उघडून म्हणाला, "अम्मी, आय कॅन स्कॅन ऑल धिस." मी म्हटलं, हात लावू नकोस, दार लाव आधी. मी नवरा गेल्यावरच्या चार महिने दहा दिवसांच्या इद्दतमध्ये बसलेली बाई. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. म्हणजे दिवसभर मी, हे आपलं दुबईतलं, करामातलं जुनं घर, आणि कपाटातला तो. तुमच्या माघारी नेमकी त्याच्याशीच गाठ पडावी, याला काय म्हणायचं?

बायका येतात, यासीन पढतात, डोळे पुसतात. म्हणतात, कॅप्टन फरिश्ता होते हो, कधी कुणाला वर आवाजात बोलले नाहीत. मी मान हलवते. त्यांना काय माहीत! आपण दोघं एका माणसावरून अख्खा संसार भांडलो, आणि तो माणूस आपल्या लग्नाआधीच मेलेला होता. चार बायकांची मुभा असताना तुम्ही मला एकच सवत आणलीत, तीही गोरी, पांढऱ्या टोपीतली, नावाआधी 'सर' लावणारी. मी त्याचं नाव कधी घेतलं नाही, आताही घेणार नाही. सवतीचं नाव कोण घेतं?

पण आज मला तुमच्याकडून निकाल हवाय. त्या हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी डॉक्टरनं मला विचारलं आणि मी 'नको' म्हणाले. तुमचं हृदय पुन्हा थांबलं तर पुन्हा सुरू करायची खटपट करू नका, असं मी, तुमची खैरुन्निसा, स्वतःच्या तोंडानं म्हणाले. तुमच्या ॲडमिरलनं जो हुकूम दिला तोच मी दिला. तो गुन्हेगार आहे असं मी जन्मभर तुम्हाला सुनावत आले. मग मी कोण? तुमचं म्हणणं खरं धरलं तर मी सुटते, माझं खरं धरलं तर अडकते. आणि तुम्हाला माहीत आहे, हार मानणं माझ्या रक्तात नाही.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी सांगते. तुम्ही मध्ये बोलणार नाही, एवढी एक सोय आता झालीच आहे.

तुमचे आजोबा मालवाहू जहाजावर टंडेल होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. दाभोळच्या खाडीकाठची निम्मी पोरं त्यांनी जहाजावर लावली होती. दुसऱ्या लढाईच्या काळात त्यांचं जहाज एका मोठ्या काफिल्यात होतं. मध्ये मालाची जहाजं, भोवती राखणीला लढाऊ जहाजं, आणि सगळ्यांवर हा तुमचा साहेब. एका संध्याकाळी पाणबुडीनं आजोबांचं जहाज फोडलं. माणसं पाण्यात पडली. काफिला पुढे निघून गेला. कुणीही थांबायचं नाही, असा साहेबाचा हुकूम होता. त्याच काफिल्यातल्या दुसऱ्या जहाजावर गावचा एक खलाशी होता, तो जिवंत परत आला. त्यानं मशिदीत पुरुषांना सगळं सांगितलं. तुमच्या दादीला मात्र एवढंच कळवलं की जहाज गेलं, टंडेल गेले, आणि या सगळ्या जहाजांवर एक मोठा साहेब होता.

दादींनी पुढचं स्वतःच जुळवलं. मी नवी नवरी होते, आपल्या घरातली माझी पहिली बरात, म्हणजे शब-ए-बरात. बरातीला घरातली गेलेली माणसं जेवायला येतात म्हणून दादी एकेकाच्या नावाचं ताट वाढत होत्या, सांदण, मटण, चणाडाळीचा हलवा. आजोबांचं ताट झालं, तुमच्या चुलत्याचं झालं, मग अजून एक वाढलं. मी विचारलं, "दादी, हे कुणाचं?"

"सायबाचं," त्या म्हणाल्या. "माणसं बुडाली तर टंडेल कधी एकटा घरी येतो का ग? मग हा तर एवढ्या जहाजांचा सायब. माणसं पाण्यात टाकून तो घरी गेला असेल होय? तोही त्यांच्याबरोबर गेलाच असणार. त्या बिचाऱ्याला इथं ताट वाढायला कोण आहे?"

बघा, केवढी चूक! आणि ही चूक आपल्या खाडीकाठच्या बाईनंच करावी. तिच्या हिशोबात घरी परत आलेला साहेब बसतच नव्हता. ते ताट नंतर घरातल्या सगळ्यात लहान पोराला मिळायचं. म्हणजे वर्षानुवर्षं साहेबाच्या वाट्याचा हलवा तुम्ही चापलात. पुढे मी चिडले की तुम्ही हसून म्हणायचात, "काय करू खैरू, मी त्याचं मीठ खाल्लंय."

खरं काय ते तुम्हाला पहिल्या जहाजावर जाताना कळलं. गावच्या त्या म्हाताऱ्या खलाशानं तुम्हाला बाजूला घेऊन हुकुमाची गोष्ट सांगितली, साहेबाचं नाव सांगितलं. मग इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरात खलाशांच्या क्लबात बसून तुम्ही जुनं मासिक चाळत होतात, तर त्यात हा! बागेत खुर्ची टाकून बसलेला, पायाशी कुत्रा, अंगावर लोकरी गंजी. नुकताच वारला होता, चांगला पिकून, स्वतःच्या पलंगावर. इकडे दादी त्याला इतकी वर्षं जेवू घालत होत्या आणि तिकडे तो टोस्ट खात होता. त्या वर्षी तुम्ही सुट्टीवर आलात ते बरातीलाच. दादींनी ताट वाढलं आणि तुम्ही ते जेवलात. दादींना तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. बरं केलंत. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं, आज म्हणते.

मला सांगितलंत ते दादी गेल्यावर. मी ऐकून घेतलं. पुढच्या बरातीला साहेबाचं ताट वाढलं नाही. तुम्ही विचारलंत, एक कमी का? मी म्हटलं, "ज्यानं माझ्या आजेसासऱ्याला पाण्यात सोडलं त्याला मी माझ्या हातचं सांदण वाढू? माझ्यात ती ताकद नाही. वाढायचं तर तुम्ही वाढा." तुम्ही म्हणालात, "तू त्याच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?" मी म्हटलं, "थांबले असते." तुम्ही म्हणालात, "इतकं सोपं नसतं." बस्स, तिथून जे सुरू झालं ते तुमच्या छातीत धाप लागेपर्यंत संपलं नाही.

मग आपण इकडे आलो. तुम्ही उम्म अल कुवैनला टगबोटीवर, मी करामात डबे देणारी. आठवडाभर तुम्ही त्या शांत खाडीवर मोठ्या जहाजांना ढकलायचात आणि जुम्म्याला घरी यायचात ते त्याची नवी बातमी घेऊन. एकदा तर दारातूनच ओरडलात, "खैरू, तो इथे आला होता!" मला वाटलं मुकादम आला की मालक आला. तर म्हणे, दोन लढायांच्या मधल्या काळात हा तरुण अधिकारी म्हणून याच किनाऱ्यावर गस्तीच्या बोटीवर होता, आणि याच खाडीत दोर सोडून पाण्याची खोली मोजून गेला होता. तुम्हाला कोण आनंद! मी म्हटलं, "मग इथेच बुडायचं होतं त्यानं, पाण्याचा अंदाज तर होताच." 

सगळं ऐकून ऐकून तो माणूस मलाही पाठ झाला. तेराव्या वर्षी घरच्यांनी नौदलाच्या शाळेत टाकलेलं पोर. रडलं की छडी, थंडीत उघड्या अंगानं कवायत. त्या पोराची मला दया यायची. भाजी निवडताना मध्येच मला ते पोर आठवायचं, आपल्या तेव्हाच्या इम्रानच्या वयाचं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच म्हणाला असतात, बघ, आली ना वाटेवर! पुढे पहिल्या लढाईत याचंच जहाज बुडालं. गार पाण्यात हा कितीतरी वेळ फळकुटाला धरून तरंगत होता, आणि एका मासेमारी बोटीनं त्याला उचललं. हे तुम्ही मला सांगितलंत ती तुमची चूकच झाली. त्या दिवसापासून मी तेवढं एकच धरून बसले. "ज्याला कुणीतरी पाण्यातून उचललं, त्याला दुसऱ्याला उचलता येऊ नये? कसला माणूस म्हणायचा हा?" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "म्हणूनच तर त्याला ठाऊक होतं, आपण काय हुकूम देतोय ते. न कळता देणारा वेगळा, कळून देणारा वेगळा."

साळवीभाऊजींसमोर तुम्ही मांडलेला तो काफिला आठवतो? भाऊजी म्हणजे तुमचे जिगरी दोस्त, चिपळूणचे, बोटींच्या सुट्या भागांचा धंदा, दर शुक्रवारी आपल्याकडे जेवायला. तुम्ही टेबलावर वाट्या मांडल्यात, ती मालाची जहाजं. भोवती चमचे, ती लढाऊ जहाजं. लिंबू म्हणजे आजोबांचं जहाज. मिरची म्हणजे पाणबुडी. मग भाऊजींना म्हणालात, "हे बघ साळवी, लिंबू फुटलं. आता हा चमचा थांबला, तर मिरचीला आयतं गिऱ्हाईक. चमचा गेला, की मागच्या सगळ्या वाट्या उघड्या. एवढ्या वाट्यांमध्ये किती माणसं आहेत, विचार कर." भाऊजी म्हणाले, "वहिनी, कॅप्टन म्हणतात ते बरोबर वाटतं बुवा." मी ते लिंबू उचललं, कापलं आणि तुमच्या दोघांच्या डाळीत पिळलं. म्हटलं, "वाट्यांचं कौतुक लिंबाला सांगू नका. आणि पाण्यात गोरे असते तर?" तुम्ही म्हणालात, "गोऱ्यांनाही त्यानं सोडलं होतं, पुढच्याच फेरीत. स्वतःच्या गावची पोरं होती त्यात." मी म्हटलं, "वा! सगळ्यांना सारखं सोडलं म्हणून वली-पीर झाला काय?" भाऊजी खो खो हसले. तुम्हीही हसलात, पण डाळ संपवली नाहीत.

एक मात्र कबूल करते, तुम्ही लिहिताना लबाडी टिकू दिली नाहीत. एकदा तुम्ही मला पान वाचून दाखवलंत, त्यात काफिला पुढे निघाल्यावर साहेब मागे वळून पाण्याकडे बघत उभा राहिला असं लिहिलं होतं. मी विचारलं, "हे कुठे वाचलंत?" तुम्ही म्हणालात, "वाचलं नाही. पण बघितलं असणारच." मी म्हटलं, "का असणार? त्यानं स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकात त्या संध्याकाळबद्दल चकार शब्द काढलेला नाही, तुम्हीच सांगितलंत. मग त्याच्या वतीनं तुम्ही का वळताय?" तुम्ही ती ओळ खोडलीत. मला वाटलं मी जिंकले. पण तुमचा चेहरा असा झाला होता की मी उठून चहा टाकला. त्यानंतर त्या संध्याकाळचं प्रकरण तुम्ही पुढे लिहिलंच नाहीत. पुढची सगळी लिहिलीत, बढती, पदकं, 'सर'चा किताब, गुलाबाची बाग. तेवढं एक राहिलं. मी टोमणे मारायची, "आळस, दुसरं काय!"

मग तुमची धाप वाढली. पायांवर सूज आली. इम्राननं आपल्याला अबू धाबीला, खलिफा सिटीतल्या त्याच्या घरी नेऊन ठेवलं, सुनेनं बिचारीनं बिनमिठाचं करून घातलं, पण तुमचं मन लागेना. नात इंग्रजीत विचारायची, "दादू, व्हाय डोन्ट यू लाइक अवर व्हिला?" तुम्ही म्हणायचात, "बेटा, इथून पाणी दिसत नाही." करामातून तरी कुठे दिसतं हो? पण परत आलात. आणि मग एका सकाळी श्वास घ्यायला बसलात ते बसूनच राहिलात.

हॉस्पिटलात केरळची डॉक्टर होती, पोरसवदा, पण मायेची. हिंदीत म्हणाली, "आंटी, इनके फेफड़ों में पानी भर गया है." आयुष्यभर समुद्रावर राहिलेला माणूस, एक दिवस बुडाला नाही, आणि आता कोरड्या खोलीत, पांढऱ्या चादरीवर पाणी त्याच्या आत शिरलं. तुमचं हृदय एकदा थांबलं, त्यांनी छाती दाबून परत आणलं. पुन्हा थांबलं, पुन्हा आणलं. तुमच्या बरगड्या मोडल्या. मी काचेतून बघत होते. दोघं तिघं दमून दमून दाबत होते आणि तुमचा हात पलंगावरून खाली लोंबत होता. त्या हाताला मी कधी असं लोंबताना पाहिलं नव्हतं.

मग तिनं विचारलं. पुन्हा थांबलं तर पुन्हा दाबायचं का. परत आले तरी मशीनवरच राहतील, म्हणाली, आणि दर वेळी हाल वाढतील. इम्राननं माझ्याकडे पाहिलं. एवढा मोठा मॅनेजर माणूस. म्हणाला, "अम्मी, आय कान्ट. प्लीज. तू सांग." मी त्याला दोष देत नाही. बापाबद्दल कुठला मुलगा सांगेल? कुणाला तरी सांगायचंच होतं. मी म्हणाले, "नको. रहने दो. बहुत हो गया." डॉक्टरनं माझा हात दाबला. थोड्या वेळानं खलास.

इतकं सोपं नसतं, असं तुम्ही म्हणायचात. खोटं होतं ते. सोपं होतं हो. तोंडातून दोन शब्द निघाले आणि झालं. अवघड आहे ते हे, यानंतरचं.

तुम्हाला नेलं, बायका काही कब्रस्तानात गेल्या नाहीत, मी घरीच. आणि तेव्हापासून तो येतो. हसू नका. मी काही भोळसट बाई नाही, तुम्हाला माहीत आहे. पण दुपारी कुरआन मिटून ठेवते, घर गप्प असतं, एसीची घरघर तेवढी, आणि हॉलमधल्या तुमच्या खुर्चीत तो बसलेला असतो. लोकरी गंजी, हात मांडीवर. बोलत नाही. पूर्वी कधी माझ्या मनात आला तर खाली मान घालून यायचा, आरोपीसारखा. आता मान वर असते. एकाच धंद्यातल्या माणसानं दुसऱ्याकडे बघावं तसा बघतो माझ्याकडे. तेवढं बघणं मला सोसत नाही. तुम्ही गेल्यावर लगेचच बरात आली, तेव्हा सून हलवा घेऊन आली होती. मी तुमचं ताट वाढलं, आणि माझा हात आपोआप दुसऱ्या ताटाकडे गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाढलं मी. नात म्हणाली, "हू इज धिस फॉर, दादी?" मी म्हटलं, पाहुणा आहे एक. नंतर ते ताट इमारतीच्या वॉचमनला पाठवून दिलं.

तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं की झालं, मिटलं. कॅप्टन जिंकले, खैरू हरली. तुमचं म्हणणं मान्य केलं की माझं ओझं उतरतं. माणसाला पुढचं बघावं लागतं, हाल वाढवायचे नसतात, कुणीतरी हुकूम द्यावाच लागतो. आणि तुम्ही तर जन्मभर हेच म्हणत आलात, म्हणजे तुम्ही माझ्यावर नाराज कसे असाल? दोन दिवस मी पोटभर जेवले. खरं सांगते.

मग साळवीभाऊजी आले.

सून त्या दिवशी आली होती, तिनं दार उघडलं. इद्दतमुळे ते हॉलमध्ये बसले आणि मी आतल्या खोलीत, मध्ये पडदा. बिचारे अवघडले होते. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस, पडद्याशी बोलायची सवय नाही त्यांना. आधी इकडचं तिकडचं बोलले, कागदपत्रांचं काही काम असेल तर सांगा म्हणाले. मग मुद्द्यावर आले, "वहिनी, एक गोष्ट तुमची माझ्याकडे राहिलीय. कॅप्टननी सांगू नको म्हटलं होतं. पण आता सांगायला हरकत नाही. तुम्हाला बरं वाटेल."

मी म्हटलं, "बोला ना भाऊजी."

"शेवटच्या महिन्यांत मी त्यांना उम्म अल कुवैनला घेऊन गेलो होतो ना, खाडीवर? गाडीतूनच बघत होते. उतरून चालवत नव्हतं त्यांना. एकदम म्हणाले, साळवी, खैरू बरोबर होती रे. थांबायला हवं होतं त्यानं. निदान एक बोट तरी सोडायला हवी होती. मी म्हटलं, अहो कॅप्टन, तुमच्या त्या वाट्या, चमचे, त्यांचं काय? तर म्हणाले, ते सगळं वरून बघणाऱ्याला दिसतं. पाण्यात पडलेल्याला हिशोब कळत नाही. त्याला फक्त बोट लांब जाताना दिसते."

भाऊजी बोलता बोलता हसायला लागले. "मी म्हटलं, मग हे वहिनींना सांगा की! तर म्हणाले, खबरदार, सांगशील तर. डोक्यावर मिऱ्या वाटेल माझ्या. वहिनी, म्हणून सांगतोय. तुम्ही जिंकलात. कॅप्टन हरले."

पडदा होता म्हणून बरं. माझं तोंड त्यांना दिसलं नाही. मी म्हटलं, "शुक्रिया भाऊजी. चहा घेऊन जा, सून ठेवतेय."

मग कळलं मला, त्या संध्याकाळचं प्रकरण का लिहिलं नाहीत. आळस नव्हता. आणि मी मूर्ख टोमणे मारत राहिले.

काय केलंत हो हे? इतकी वर्षं मी तुमच्या तोंडून 'खैरू, तू बरोबर' एवढं ऐकायला टपले होते. डाळीत लिंबू पिळलं, ताट बंद केलं, जुम्म्याच्या जेवणांची माती केली. तेव्हा नाही म्हणालात. म्हणालात ते साळवींना, गाडीत बसून, माझ्या पाठीमागे. आणि माझ्याकडे पोचलं ते कधी, तर मी 'नको' म्हणून बसल्यावर. आता ही जीत घेऊन मी काय करू? कुठे ठेवू?

हे चालायचं नाही. तुम्हाला बाजू बदलायची होती तर मला विचारायचं होतं. तुम्ही माझी घेतलीत ना? मग तुमची मी घेते. टाकून दिलेली बाजू कुणीतरी चालवायला हवीच. बसा आता. ऐका. मध्ये बोलू नका.

तो थांबला असता तर आणखी जहाजं गेली असती. तुम्हीच शिकवलंत. मी अजून एकदा दाबा म्हटलं असतं तर तुमची आणखी एखादी बरगडी मोडली असती, आणि तुम्ही परत आला असतात ते कशाला? डोळे उघडले नसतेत, 'खैरू' म्हणाला नसतात. तुम्ही वाचणार असतात तर मी त्यांना दिवसरात्र दाबायला लावलं असतं, स्वतः पलंगावर चढून दाबलं असतं. पाण्यात पडलेल्याला हिशोब कळत नाही, मान्य. पण वर उभ्या असलेल्या माणसालाही, बाईलाही, पाण्यातलंच दिसत असतं. तुम्हाला काय वाटतं? लांब जाणाऱ्या बोटीवर ती मजेत असते? तुमच्या साहेबानं त्या संध्याकाळबद्दल एक शब्द लिहिला नाही म्हणून मी त्याला किती बोलले. आता मला कळतं, तो काय लिहिणार होता. मी तरी इम्रानशी बोललेय का त्याबद्दल? एकदाही नाही.

आता एकच राहिलं, ते सांगून टाकते.

नर्सनं सांगितलं होतं, आंटी, ते बेशुद्ध असले तरी बोलत राहा, कान सगळ्यात शेवटी जातात. म्हणून मी तुमच्या उशाशी बसून अखंड बोलत होते. कलमा पढत होते, मध्येच घरचं सांगत होते, नातीच्या शाळेचं सांगत होते. म्हटलं, माझा आवाज धरून राहा. मग डॉक्टर आली. ती तिथेच उभी राहिली, तुमच्या पायाशी, आणि तिथेच तिनं विचारलं. बाहेर कॉरिडॉर होता. मी म्हणू शकले असते, चल बेटी, बाहेर जाऊन बोलू. मला सुचलंच नाही. तुमच्या कानापासून हातभर अंतरावर, त्याच आवाजात, मी 'नको' म्हणाले.

मला निकाल नको आता. बरोबर का चूक ते राहू द्या. एवढंच सांगा, ऐकलंत का?

ऐकलं नसेल तर एकदा स्वप्नात या. दारातून नेहमीसारखं विचारा, खैरू, जेवायला काय आहे. मी ओळखेन. ऐकलं असेल तर नका येऊ, तेही मी समजेन.

रोज तुमच्या बाजूची उशी सारखी करून झोपते. अजून आला नाहीत.